नऊ सेकंदांचा काळा पडदा

त्या उन्हाळ्यात मला एक विचित्र सवय लागली होती. दिसेल त्या गोष्टीला किती वेळ लागतो ते मोजायचं. गॅस पेटल्यापासून कुकरची पहिली शिट्टी होईपर्यंत. सिग्नल हिरवा झाल्यापासून मागच्याचा हॉर्न वाजेपर्यंत. मोबाइलमधलं स्टॉपवॉच सतत उघडं असायचं. नवरा रेल्वेत, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये. एका सकाळी गाडी धरायची म्हणून तो दारात बसून बूट घालत होता आणि मी त्याच्या डोक्याशी मोबाइल धरून उभी होते.

"बारा सेकंद," मी म्हणाले.

वर न बघताच त्यानं विचारलं, "माझी कुणी तक्रार केलीय का?"

त्याची नव्हती केली. माझी केली होती.

आमचा व्यवसाय छोटा. मी आणि मामा. मामा माझ्या नात्यातले नव्हेत. सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे, साठीला टेकलेले जॉबर. माग बिघडला की कारखान्यात ज्याला हाक मारतात तो जॉबर. टॉवेलवरची नक्षी मागावरच्या ज्या जेकार्ड यंत्रानं उमटते, त्याचे भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते ओवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. माझं निम्मं आयुष्य पुण्यातल्या एका कंपनीत छोटे कॉम्प्युटर बोर्ड जुळवण्यात गेलेलं. नवऱ्याची बदली झाली, मी नोकरी सोडली आणि सोलापूरला आले. माहेर मंगळवेढ्याचं, त्यामुळं 'आली परत' असंच सगळे म्हणाले. पुढच्या वर्षभरात मामांनी आणि मी मिळून समोर छोटा पडदा असलेला एक डबा तयार केला. जुन्याच जेकार्डला तो लावला की पत्त्यांची माळ नको. नक्षी डब्यातल्या मेमरी कार्डात राहते आणि आतला तळहाताएवढा बोर्ड कोणता दोरा कधी उचलायचा ते सांगतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात आठ मागांवर आमचे आठ डबे चालू होते.

त्या कारखान्याचे मालक म्हणजे घरात उर्दू, बाजारात मराठी आणि कामगारांशी तोडकंमोडकं तेलुगू बोलणारा मवाळ माणूस. त्यांना आवाज चढवायची सवय नव्हती, त्यामुळं त्यांची तक्रार जास्त लागायची.

"मॅडम, लाइट जाते, येते. ते काय आपल्या हातात नाही," ते फोनवर म्हणाले. "पण आली की बाकीचे माग लगेच सुरू. आपले आठ बसून. चाळीस सेकंद. दिवसातनं सहा-सहा वेळा. माझेच लोक माझ्याकडं बघून हसतात ओ."

चाळीस नव्हते, सदतीस होते. मी मोजले होते. पण हे सांगून काय उपयोग होता?

वेळ कुठं जात होता हे मला माहीत होतं. वीज मिळते त्या क्षणी बोर्डाला काहीही ठाऊक नसतं. मेमरी कुठं आहे, पडदा कुठं आहे, नक्षी कुठं आहे, काही नाही. म्हणून एक छोटा प्रोग्राम सगळ्यांच्या आधी उठतो, बोर्डाला त्याच्याच अवयवांची ओळख करून देतो, मग मोठी सिस्टिम उठवतो आणि स्वतः बाजूला होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो कोणता घ्यायचा हे डबा बनवणाऱ्यानं ठरवायचं असतं. घाईत होतो तेव्हा बोर्डासोबत आलेला तसाच ठेवला होता. आता तो बदलायचा होता.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सकाळी येऊन कारखान्याचं कुलूप काढणारा माणूस."

"तसंच समजा."

"मग चांगला माणूस बघून ठिवा की ओ. त्यात एवढं काय?"

एवढं काय ते मला तीन आठवडे छळत राहिलं. एक बूटलोडर होता जगात सगळे वापरतात तो. त्याला सगळं येतं. पडद्यावर चित्र दाखवता येतं, नेटवर्कवरून सिस्टिम आणता येते, सिस्टिमची एक प्रत बिघडली तर दुसरी चालवता येते. अडलं तर विचारायला हजार माणसं. पण अवजड. दुसरा होता नव्या बांधणीचा, वाचायला स्वच्छ, मला मनापासून आवडलेला. पण आमच्या बोर्डावर तो चालवलेले लोक मला मोजून दोन सापडले आणि त्यातल्या एकानं उत्तर दिलं नाही. तिसरा रस्ता म्हणजे मधला माणूसच काढून टाकायचा. बोर्डाच्या पोटात प्रोग्रामचा अगदी पहिला इवला तुकडा असतो, त्यानंच थेट सिस्टिमला हाक मारायची. चित्र नाही, दुसरी प्रत नाही, काही विचारणं नाही. फक्त वेग.

कागदावर मी तीन रकाने पाडले. ते भरले, खोडले, पुन्हा पाडले. सकाळी एक ठरवायचे आणि चहा होईपर्यंत दुसरं पटलेलं असायचं. आमच्या खोलीत टेबलापासून खिडकीपर्यंत सात पावलं आहेत. ती मी दिवसभर चालायचे. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या रंगीत सुताच्या लडी दिसायच्या. त्या बघत उभी राहायचे, परत फिरायचे, स्क्रीनवर तेच पान पुन्हा वाचायचे. हातावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी घामोळं म्हणून पावडर दिली.

पुण्यात असं होत नव्हतं. तिथं अशा गोष्टी बैठकीत ठरायच्या. माझं मत मी मांडायचे, कुणीतरी वरचा माणूस 'ठरलं' म्हणायचा आणि मी घरी जाऊन शांत झोपायचे. त्याचा निर्णय चुकला तर मला आतून थोडं बरंही वाटायचं. इथं 'ठरलं' म्हणायला कुणी नव्हतं. मामांना विचारलं तर ते म्हणायचे, "तुमी म्हणाल ते." नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "काहीतरी एक कर आणि जेवायला चल."

शेवटी मी तिसरा रस्ता धरला. खरं सांगायचं तर पटून नव्हे. एका दुपारी तो सहज करून बघितला आणि बोर्ड नऊ सेकंदांत उठला. सदतीसवरून नऊ! मी तीन वेळा मोजलं. मामांना बोलावून चौथ्यांदा मोजलं. त्या आकड्यानं माझ्या डोक्यातले सगळे रकाने पुसून टाकले. आधी बोर्ड सुरू होताना पडद्यावर आमच्या व्यवसायाचं चिन्ह यायचं, एक मोर, मामांनी काढलेला. तो आता येणार नव्हता, कारण तो दाखवणाराच काढून टाकला होता. त्याऐवजी मी एक छोटा भोंगा बसवला. सिस्टिम तयार झाली की दोनदा पीप-पीप. मला वाटलं, कारागिराला पडद्याकडं बघायचीही गरज नाही. मी स्वतःवर खूश होते.

एप्रिलमध्ये आठही डबे बदलले. मालकांनी स्वतः उभं राहून मेन स्विच पाडला, चढवला आणि नऊ सेकंदांच्या आत आठही माग हलले. त्यांनी आम्हाला थंडगार सरबत पाजलं. घरी येताना मी काहीही मोजलं नाही.

दहा दिवसांनी तीन नंबरच्या मागावरचा डबा बंद पडला.

उघडून बघितलं तर बोर्ड धडधाकट, मेमरी कार्डातली सिस्टिम मात्र विस्कटलेली. सिस्टिम काहीतरी लिहीत असताना वीज तुटली की असं होतं. पण त्यासाठीच तर आम्ही डब्यात एक मोठा कपॅसिटर बसवला होता. वीज गेली तरी तो दोन सेकंद बोर्डाला तग धरायला लावतो, तेवढ्यात लिहिणं पुरं होतं. मी कार्ड बदललं, कपॅसिटर तपासला, परत लावला. आठवड्यानं पुन्हा तीन नंबर. मग नवा डबाच लावला, तर तोही गेला. बाकीचे सात ठणठणीत. तीच वीज, तोच प्रोग्राम, तेच कार्ड.

तीन बिघाड, तिन्ही तीन नंबरवर, आणि त्या मागावर दिवसपाळीला एकच माणूस.

तो मामांपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. उंच, वाकलेला, मिशीवर कायम सुताचं तूस बसलेलं. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळं त्याला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. बोलायचा मात्र मोठ्यानं, समोरचाच बहिरा असल्यासारखा. मालकांनी त्याला विचारलं की डब्याला हात लावतोस का. तो म्हणाला, "लावतो की!" एवढंच पुरेसं झालं.

मी मालकांना एक पानाचा अहवाल दिला. शिकलेल्या सवयीनं, नीट रकाने पाडून. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'हाताळणीतील चूक'. माझ्या बोर्डात दोष सापडत नव्हता, म्हणून दोष दुसरीकडं असणार, इतका साधा हिशेब. मालकांनी ते वाचलं, दोन वेळा मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाला मागावरून काढून टॉवेलचे गठ्ठे बांधायला बसवलं. तीन नंबरवर दुसरा कारागीर आला.

त्यानंतर एकही डबा बिघडला नाही. एक आठवडा, दोन आठवडे. माझा अहवाल खरा ठरला होता.

मला समाधान वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. पुन्हा ती सात पावलं सुरू झाली. कारखान्यात काही कामानं गेले की गठ्ठ्यांच्या बाजूनं न जाता मी मागच्या दारानं जायचे. एकदा चुकून समोरून गेले. तो सुतळीची गाठ मारत होता, पण डोळे मागांकडं होते. नमस्कार केला त्यानं मला. मोठ्यानं, "नमस्ते मॅडम!" म्हणून. त्याच्या मनात काही नव्हतं आणि ते मला सोसलं नाही.

मामा त्या दिवसांत कमी बोलत होते. एका दुपारी जेवताना त्यांनी शेंगाची चटणी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "मॅडम, एक बोलू का?"

"बोला की."

"त्या माणसाला मी पंचवीस वर्षं बघतोय. माग मोडून ठिवणारे लई बघितले मी. कुणी रागानं मोडतंय, कुणी सुट्टी पायजे म्हणून. ह्यो तसला न्हाई. दोरा तुटला तर ह्याचं तोंड उतरतंय ओ."

"मग डबे का गेले?"

"ते मला काय म्हाईत? ते तुमी सांगायचं." भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "पण तुमी बघितलं न्हाई की. कागदावर बघितलं."

मला राग आला. तेरा वर्षांचा अनुभव, तपासलेला प्रत्येक भाग, असं काय काय तोंडाशी आलं. पण त्यांचं खरं होतं. डबे बिघडले तेव्हा ते मी आमच्या खोलीत टेबलावर उघडले होते. माग चालू असताना, वीज जाऊन येताना, त्या माणसाशेजारी मी एकदाही उभी राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मालकांना जाऊन सांगितलं, "एक दिवस त्याला परत तीन नंबरवर बसवा. मी तिथंच उभी राहीन."

"आणि अजून एक डबा गेला तर?"

"तर जाऊ दे. माझ्यासमोर जाऊ दे."

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुमची मर्जी."

तो दिवस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. पत्र्याखाली उकाड्याची भट्टी पेटलेली. मागांच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, सगळं खुणांनी. तो आला, मागावरून एकदा हात फिरवला, आडवा दोरा नेणारा धोटा बघितला, दोरे बघितले आणि कामाला लागला. मी डब्यापासून दोन हातांवर भिंतीला टेकून उभी. पायाला मुंग्या आल्या, पाण्याची बाटली संपली, वीज काही जाईना. आयुष्यात पहिल्यांदा मी लाइट जाण्याची वाट बघत होते.

साडेअकराच्या सुमारास गेली. सगळे माग एकदम थांबले आणि कानात नुसता भुणभुणाट राहिला. दहा मिनिटांनी आली. इतर माग लगेच धडधडले. मी स्टॉपवॉच दाबलं.

त्यानं आधी पडद्याकडं बघितलं. पडदा काळा. मग उजवा तळवा डब्यावर ठेवला, लहान मुलाच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात तसा. काही जाणवलं नाही. चौथ्या सेकंदाला त्यानं डब्याचा स्विच बंद केला. लगेच चालू केला. पुन्हा तळवा, पुन्हा काळा पडदा. पुन्हा बंद, चालू. माझा बोर्ड नऊ सेकंदांत उठणार होता आणि तो त्याला दर चौथ्या सेकंदाला झोपवत होता. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा शेजारच्या मागाचा दोरा तुटला म्हणून तो तिकडं वळला, तेवढ्यात नऊ सेकंद झाले, पडदा उजळला आणि भोंगा वाजला असणार. मलाही तो त्या खडखडाटात ऐकू आला नाही. त्याला कसा येणार?

लागोपाठ बंद-चालू केल्यावर कपॅसिटरला भरायला वेळच मिळत नव्हता. दोन सेकंदांची आमची शिदोरी रिकामी आणि त्याच वेळी सिस्टिम उठताना कार्डावर लिहीत असायची. पाचांतून एखाद्या वेळी कार्ड विस्कटणारच होतं. आश्चर्य हे की डबा तीनदाच गेला होता. बाकीच्या मागांवरचे कारागीर तरुण होते. लाइट आली की त्यांचं लक्ष मोबाइलात. ते वाटच बघत नव्हते. वाट बघणारा हा एकटा होता.

जेवणाच्या सुट्टीत मामांना बोलावलं. ते त्याच्या कानाशी तोंड नेऊन तेलुगूत बोलले. त्यानं उत्तर मला मराठीत दिलं, ओरडून.

"आदी मोर यायचा, मॅडम! लाइट आली की मोर यायचा. मग मला कळायचं, जित्तं हाय! मग कितीबी वेळ लागू दे, मी बसायचो! आता काळंच असतंय! काळं म्हणजे मेल्यालं! मेल्यालं बगून गप बसू व्हय?"

सदतीस सेकंद तो शांत बसत होता. नऊ सेकंद त्याला बसवत नव्हतं.

"मग आधी का नाही सांगितलं?" मी मामांकरवी विचारलं.

"सांगितलं की! मालक म्हणाले, हात लावतोस का? म्हटलं, लावतो! पुढं कुणी इचारलंच न्हाई!"

मी मालकांच्या खोलीत गेले आणि अहवाल चुकीचा होता असं सांगितलं. दोष माझ्या निवडीत होता, त्याच्या हातात नव्हता. ते टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत बसले होते.

"मी त्याला बाहेर काढलं ना मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या कागदावर. तीस वर्षं माग चालवलेला माणूस. गठ्ठे बांधायला." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला. "मलापण विचारायला पाहिजे होतं. पण तुम्ही लिहून दिलं होतं."

"हो."

"मग त्याला तुम्हीच सांगा."

मी बाहेर आले तेव्हा माग सुरू झाले होते. त्याच्याजवळ गेले, म्हणाले, "चूक माझी होती." त्यानं कान पुढं केला. मी जोरात म्हणाले. त्यानं हात हलवला, ऐकू येत नाही. मी फुप्फुसात मावेल तेवढी हवा घेतली आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. सगळे माग थांबले आणि त्या शांततेत माझा आवाज पत्र्याला जाऊन आदळला, "चूक माझी होती! तुमची नव्हती!"

सगळा कारखाना वळून बघत होता. कांड्या भरणाऱ्या बायका, तरुण कारागीर, गठ्ठे बांधणारा नवा माणूस, दारात आलेले मालक. माझे कान तापले. त्याला मात्र अजूनही नीट कळलं नव्हतं. त्यानं मामांकडं बघितलं. मामांनी तेलुगूत दोन शब्द सांगितले. त्यानं मान डोलावली, मिशीवरचं तूस पुसलं आणि म्हणाला, "मग मोर आणा परत."

घरी जाऊन मी रकाने पाडले नाहीत. सगळे वापरतात तोच अवजड बूटलोडर घेतला आणि एकेक गोष्ट त्यातून काढत गेले. नेटवर्क नको. यूएसबी नको. कुणी कळ दाबतंय का म्हणून तीन सेकंद थांबणं नको. तीन दिवस काढत राहिले. पण चार गोष्टी ठेवल्या. वीज मिळाल्यावर सेकंदाच्या आत डब्यावरचा एक दिवा लागेल. त्यामागोमाग पडद्यावर मोर येईल. कपॅसिटर भरला की नाही ते बघूनच पुढं जाईल. आणि सिस्टिमच्या दोन प्रतींतली एक विस्कटली असली तर न कुरकुरता दुसरी उठवेल. हे सगळं धरून चौदा सेकंद झाले. आधीच्यापेक्षा पाचानं जास्त.

नवऱ्यानं विचारलं, "जास्त? आणि तरी हसतेस?"

हसत नव्हते. धास्ती होतीच. चौदा ऐकून मालक काय म्हणतील ही एक आणि आपण आणखी काय बघितलेलं नाही ही दुसरी. पहिली फुकट गेली. मालकांनी स्विच पाडला, चढवला, मोर आलेला बघितला आणि वेळेबद्दल काहीच विचारलं नाही. मीच सांगितलं, चौदा सेकंद. ते म्हणाले, "दिसतंय ना काहीतरी. मग बस झालं." दुसरी धास्ती अजून गेलेली नाही.

दिव्याचीही एक तक्रार आली. त्यानंच केली. हिरवा दिवा ट्यूबलाइटच्या उजेडात, वर तूस बसलं की दिसत नाही म्हणाला. लाल नको, लाल म्हणजे बिघाड. मग मी आणि मामा चार रंगांचे दिवे घेऊन गेलो, एकेक लावून दाखवला. तो मागाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहायचा, डोळे बारीक करून बघायचा, हातानं नाही म्हणायचा. शेवटी नारिंगी पसंत पडला. बाकीच्या सात मागांवरच्या तरुणांना तो फार डोळ्यांत जातो. त्यांना सांगितलं, त्याला विचारा.

पावसाळ्यानंतर आणखी एका कारखान्यातून मागणी आली. तिथं डबे बसवायच्या आधी मी चार दिवस नुसती उभी राहिले. तिथल्या मालकांना वाटलं, बाईंना काम नाही. कोण कुठं बघतं, कुणाचा हात कुठं जातो, लाइट आल्यावर पहिल्यांदा कोण काय करतं, एवढंच लिहीत होते. तिथं एक बाई माग चालवते आणि डब्याला रोज सकाळी हळद-कुंकू लावते. ते पडद्याच्या फटीत जातं. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. नको म्हणायचं माझ्या जिभेवर येत नाही.

मागच्या महिन्यात काही कामानं अक्कलकोट रस्त्यावर गेले होते. तीन नंबरजवळ उभी असताना लाइट गेली आणि दोन मिनिटांत आली. मी मोबाइल काढला नाही. डब्याकडंही बघितलं नाही, त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान वळवून एकदा नारिंगी उजेड बघितला. मग शेजारच्या मागावर गेला, तुटलेला दोरा शोधला, दोन बोटांत धरून गाठ मारली, उरलेलं टोक दातानं तोडलं. परत आला तेव्हा माग तयार होता. त्यानं दांडा ओढला आणि टॉवेल जिथं थांबला होता तिथून पुढं विणला जाऊ लागला.